मालवण ते विजयदुर्ग होडीने : सोबत मित्रमंडळी, दोन कुत्री आणि एक मांजर

प्रश्न : रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार.

आम्ही कोल्हापुरातील सहा शाळासोबती दर हिवाळ्यात चार दिवस एकत्र कोकणात उतरतो. आजवर मुक्काम किनाऱ्यावरच असे. यंदा मात्र जानेवारीच्या अखेरीस मालवणहून होडी ठरवून किनाऱ्याच्या कडेने देवगडपर्यंत जावे, तेथे रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग गाठावा, असा बेत आहे. नकाशावर हे अंतर तीसएक सागरी मैल भरते. कुणकेश्वराचे देऊळ समुद्रातून पाहायचे आणि विजयदुर्गाचा तट पाण्याच्या बाजूने न्याहाळायचा, ही आम्हा सर्वांची फार दिवसांची इच्छा आहे.

माणसांची काळजी नाही. काळजी आहे ती प्राण्यांची. माझ्याकडे सहा वर्षांची मुधोळ जातीची मादी आहे, तिचे नाव हिरा. एका मित्राचा पॉमेरेनियन आहे आणि एका मैत्रिणीची मांजर आहे. गेल्या वर्षी हिराला चार दिवस शहरातील एका प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी ठेवले होते. परत आणले तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि तिने तेथे अन्नाला तोंडही लावले नसल्याचे आम्हाला कोणी कळवले नव्हते. तेव्हापासून तिला मागे ठेवून जाण्याचे माझे मन होत नाही.

होडीचा अनुभव म्हणाल तर गेल्या डिसेंबरात तासाभराची एक फेरी केली होती. लाइफ जॅकेट आहेत असे सांगण्यात आले होते. ती होती खरी, परंतु फळीखालच्या कुलूपबंद कप्प्यात, आणि किल्ली किनाऱ्यावर राहिलेली. फायबरच्या ओल्या तळावर हिराचे पाय चारी दिशांना घसरत होते आणि संपूर्ण तासभर ती माझ्या गुडघ्यांत डोके खुपसून थरथरत होती. असे पुन्हा होऊ द्यायचे नाही. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की या प्राण्यांना घेऊन हा प्रवास करावा का, आणि करायचा झाल्यास तयारी कोणती करावी.

उत्तर : खाडीकाठ (मूळ मालवण, सध्या कसबा बावडा)

रंकाळाकाठ, आपला बेत चांगला आहे, फक्त त्याची दिशा उलटी करा. ही एक गोष्ट केली तर निम्म्या अडचणी आपोआप कमी होतील.

कारण सांगतो. थंडीच्या दिवसांत रात्री जमीन लवकर निवते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. त्या वेळी किनाऱ्यालगतचे पाणी बहुधा शांत असते. ऊन चढले की चक्र फिरते, दुपारी खारा वारा सुटतो, आणि जानेवारीपासून पुढे आमच्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो. मालवणहून उत्तरेला निघालात आणि दुपार झाली, तर वारा व लाट दोन्ही समोरून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, येतील. होडी प्रत्येक लाटेवर उचलून आपटेल आणि तुषारांनी सगळे भिजेल. माणूस फळी धरून बसतो, कुत्र्याला धरायला हात नसतात. विजयदुर्गाहून दक्षिणेला निघालात तर निघायला उशीर झाला तरी तोच वारा पाठीमागून मिळेल. म्हणून गगनबावडा, वैभववाडी, तळेरे या मार्गाने गाडीने आधी विजयदुर्गाला जा आणि गाडी एखाद्या माणसाकरवी मालवणला पाठवा.

विजयदुर्ग ते देवगड हा टप्पा सुमारे अकरा-बारा सागरी मैलांचा आहे. ताशी सहा मैलांच्या साध्या चालीनेही दोन तासांत होतो. देवगड ते मालवण वीसच्या आतबाहेर मैल, म्हणजे तीन-साडेतीन तास. दोन्ही दिवशी उजाडताच निघाल्यास दुपारचा वारा सुटण्यापूर्वी आपण धक्क्याला लागलेले असाल. कुणकेश्वर दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला दिसेल, आणि सूर्य देवळामागून वर येत असेल.

दुसरी गोष्ट भरतीची. आमच्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी असते. आता हे प्राण्यांच्या दृष्टीने पाहा. अष्टमीच्या सकाळी होडीचा काठ धक्क्याच्या जवळ आलेला असतो, कुत्रे एका पावलात आत येते. अमावास्येच्या सकाळी तीच होडी बरीच खाली असते आणि मधल्या पायऱ्यांवर शेवाळ असते. तेथून पंचवीस किलोचे घाबरलेले जनावर उचलून खाली देणे हे काम मी दोनदा केले आहे, पुन्हा करणार नाही. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस असल्याने पाण्याची ओढही कमी असते. नेमक्या वेळा भरतीच्या छापील तक्त्यात पाहाव्यात, पण दिवस निवडायला तिथी पुरेशी आहे.

खाडीच्या मुखाशी मात्र घाई नको. आचऱ्याच्या खाडीचे किंवा देवबागजवळ कर्लीचे मुख पाहिल्यास दिसेल की ओहोटीचे पाणी बाहेर धावते, समुद्राची लाट आत येते, आणि दोन्ही उथळ वाळूवर एकमेकांना भिडून लाट उभी राहून फुटते. बाहेरून जाणाऱ्या होडीने तेथून अंतर राखून जावे. ‘जरा आत जाऊन पाहू’ हा आग्रह प्रवाशांनी धरू नये, कारण पुष्कळदा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, प्रवाशांच्या आग्रहाला बळी पडतो.

होडी ठरवताना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना व तपासणीचे प्रमाणपत्र स्वतः वाचा. प्रवाशांची संख्या, क्षेत्र आणि वेळ यांची मर्यादा पाहा. पुष्कळ पर्यटक होड्या केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी असतात, त्यामुळे देवगड ते मालवण हा पल्ला त्या परवान्यात बसतो का, हे आधी विचारावे लागेल. मासेमारीची नौका स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिची नोंदणी प्रवासी नेण्यासाठी नसते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला, ही आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. जॅकेट धक्क्यावरच अंगात चढवावे आणि मालवणला उतरेपर्यंत काढू नये. कप्प्यातले जॅकेट हे जॅकेट नव्हे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा पाहावा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. तो सहाही जणांच्या फोनमध्ये असू द्या.

उत्तर : गोठा ते दवाखाना (पशुवैद्यक, कोल्हापूर)

वाऱ्याचे गणित वरील सदस्यांनी उत्तम सांगितले आहे. मी केवळ प्राण्यांविषयी लिहितो.

सर्वप्रथम मुधोळविषयी. हे कुत्रे जमिनीवर धावण्यासाठी घडलेले आहे. छाती खोल, कंबर बारीक आणि अंगावर चरबी अगदी थोडी, त्यामुळे ते पाण्यात सहज तरंगत नाही आणि भिजल्यावर लवकर गारठते. ‘कुत्र्याला पोहता येतेच’ या समजुतीवर हिराला कदापि सोडू नका. तिला तिच्या मापाचे जॅकेट हवे, आणि बाजारात मिळणारी बहुतेक जॅकेट लॅब्राडॉरसारख्या भरलेल्या अंगाला धरून शिवलेली असतात. छातीच्या मापाने घेतलेले जॅकेट मुधोळच्या कमरेवर सैल राहते आणि पाण्यात पडताच मागच्या बाजूने वर सरकते. म्हणून छाती आणि कंबर अशी दोन्ही मापे घ्या, आणि पाठीवर उचलण्याची भक्कम पट्टी असल्याची खात्री करा.

दुसरा धोका खारे पाणी पिण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेले कुत्रे ते पिते, त्यामुळे आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब होतात, तहान आणखी वाढते आणि ते पुन्हा तेच पाणी पिते. जास्त प्यायल्यास रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात. घरचे गोडे पाणी बरोबर घ्या आणि दर अर्ध्या तासाने समोर धरा. ते मागेल याची वाट पाहू नका. उन्हाचेही तसेच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते. जाड केसांच्या पॉमेरेनियनला सावली नसलेल्या होडीत सकाळी दहानंतरही त्रास होऊ शकतो. फायबरचा तळ तापला की पंजे भाजतात; आपला तळहात त्यावर काही सेकंद ठेवून पाहावा.

बोट लागणे हा प्रकार माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही होतो. ज्याला घाटात गाडी लागते त्याला होडीतही त्रास होण्याची शक्यता अधिक असते. लाळ गळणे, सतत ओठ चाटणे आणि पुन्हा पुन्हा जांभई देणे ही त्याची आधीची लक्षणे आहेत. गगनबावड्याचा घाट उतरला त्याच दिवशी होडीत बसवू नका, एक रात्र विजयदुर्गाला विश्रांती द्या. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोट रिकामे असावे, पाणी मात्र द्यावे. उलटी थांबवणारे कुत्र्यांचे औषध मिळते, ते आपल्या पशुवैद्यकाला जनावर दाखवून, वजनानुसार घ्यावे आणि घरी एकदा देऊन पाहावे. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. विशेषतः पॅरासिटॅमॉल मांजराला जीवघेणी ठरते, त्यामुळे आपली औषधपेटी बंद ठेवा.

मांजराविषयी माझे मत स्पष्ट आहे : तिला नेऊ नका. मांजर माणसांपेक्षा जागेला अधिक धरून असते. इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास आणि लपायला जागा नसणे, या तिन्हींपैकी एकही गोष्ट तिला सोसवत नाही. तिच्यासाठी आपले घर आणि रोज येऊन खायला घालणारा ओळखीचा माणूस हेच बरे.

उत्तर : घाटावरचा (इचलकरंजी)

डॉक्टरांनी पट्टीचा उल्लेख केला, त्याविषयी स्वतःवर आलेला प्रसंग सांगतो.

चार वर्षांपूर्वी जयगडच्या खाडीत आम्ही पाच जण आणि आमचा गावठी कुत्रा मोती असे एका होडीत होतो. पाणी तळ्यासारखे शांत होते. बगळा उडाला, मोती उठला, ओल्या काठावर त्याची नखे एकदाच खरवडली आणि तो पाण्यात गेला. तो भुंकला नाही. आम्ही सगळे एकाच बाजूला धावलो, ती आमची पहिली चूक. होडी इतकी कलली की काठावरून पाणी आत आले. तांडेलाने ओरडून आम्हाला खाली बसवले आणि प्रथम इंजिन न्यूट्रलमध्ये टाकले, कारण कुत्रा होडीकडेच पोहत येतो आणि पंखा पाठीमागे असतो. हाताशी आल्यावर मी त्याला गळपट्ट्याने ओढले, ती दुसरी चूक. त्याचा सगळा भार गळ्यावर आला, जीभ निळी पडू लागली आणि मला तो उचलताही येईना. अखेर एका मित्राने अंगावरची चादर त्याच्या पोटाखालून घातली आणि दोघांनी दोन टोके धरून त्याला वर घेतले. सगळे मिळून तीन-चार मिनिटांचे काम असेल. आजही ओल्या फायबरवर नखे खरवडल्याचा तो आवाज मला आठवतो.

त्यामुळे निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्या. कुत्रा पडल्यास त्याच्याकडे कोणी पाहत राहायचे, कोणी उचलायचे आणि बाकीच्यांनी जागेवरून हलायचे नाही, हे नावानिशी ठरलेले असावे. आणि होडी चालू असताना साखळीने कुत्र्याला होडीला बांधून ठेवू नका. होडी उलटली तर तो तिच्यासोबत अडकतो. दोरी माणसाच्या हातात असावी.

जॅकेटची सवय घरीच लावा. आधी अंगणात रोज पंधरा मिनिटे, मग नदीच्या उथळ, संथ पाण्यात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात सराव अजिबात करू नका. त्याचे काठ इतके निसरडे असतात की पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही.

आणखी एक बाब कोणी सहसा सांगत नाही. मातीवर किंवा गवतावर लघवी करायची सवय असलेला कुत्रा होडीत ती तासन्‌तास रोखून धरतो. मोतीने त्या दिवशी सहा तास रोखली होती आणि उतरल्यावर त्याला उभे राहवत नव्हते. पुढच्या वेळी आम्ही काथ्याचे पायपुसणे घेतले, महिनाभर आधी ते त्याच्या नेहमीच्या जागेवर टाकून ठेवले आणि न धुता तसेच होडीत अंथरले. दुसऱ्याच फेरीत त्याने ते वापरले. पाय घसरू नयेत यासाठीही त्याच काथ्याचा उपयोग होतो.

उत्तर : वाळूतली पावले (वेंगुर्ला)

देवगड-मालवणच्या टापूतील किनाऱ्यावर उतरणार असाल तर एक कळकळीची विनंती आहे. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. तांबळडेग, वायंगणी यांसारख्या गावांत माणसे रात्री जागून ती घरटी राखतात. कुत्र्याला वाळूखालच्या अंड्यांचा वास लागतो आणि ते काही मिनिटांत सगळे उकरून टाकते. आपली हिरा कितीही शहाणी असली तरी वाळूवर तिची दोरी सोडू नका.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी त्यातच येते. तेथे प्राणी घेऊन कोठेही उतरण्यापूर्वी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे.

किनाऱ्यावर पडलेल्या मेल्या माशांकडेही लक्ष असू द्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढल्यावर नको असलेले मासे वाळूवर टाकलेले असतात आणि त्यांत केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, असतो. त्याच्या अंगात अतिशय तीव्र विष असते, एवढासा मासाही कुत्र्याला पुरेसा होतो. शिंगाळा या माशाचा काटा पंजात रुतला तर जनावर दिवसभर विव्हळते. गळाला लावलेले आमिष कुत्र्याने गिळले तर दोरा ओढू नका, तो तसाच ठेवून दवाखाना गाठा.

एका बाबतीत माझे खाडीकाठ यांच्यापेक्षा वेगळे मत आहे. पहिल्याच वेळी दोन दिवसांचा पल्ला मला जास्त वाटतो. विजयदुर्ग ते देवगड एवढाच टप्पा होडीने करावा आणि देवगडला जनावरांचे कसे चालले आहे ते पाहून पुढचे ठरवावे. गाडी मालवणला न पाठवता देवगडला ठेवल्यास हा मार्ग मोकळा राहतो.

उत्तर : खाडीकाठ

वेंगुर्लेकरांची सूचना मला मान्य आहे. तांडेलाशी बोलतानाच ‘दुसरा दिवस देवगडला पोचल्यावर ठरवू’ असे सांगून ठेवा आणि त्या दिवसाचे पैसे आगाऊ देऊ नका. पैसे दिलेले असले की माणसाचे पाऊल मागे निघत नाही, असे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. शिवाय पंचगंगेत आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या कोल्हापूरकरांना, ज्यांत माझे शेजारीही आले, समुद्राच्या पाण्याचा अंदाज येत नाही, हे सहाही जणांना सांगा. विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे पाणी आपल्याला घेऊन चालू लागते.

उत्तर : रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे आम्ही सहा जणांनी काल रात्री एकत्र बसून वाचली आणि बेत बदलला.

मांजर कोल्हापुरातच राहील. मैत्रिणीच्या आत्या सकाळ-संध्याकाळ येऊन तिला दूध-भाकरी देणार आहेत. एक रात्र विजयदुर्गाला मुक्काम करून अष्टमीच्या सकाळी देवगडला निघायचे. गाडी देवगडलाच राहील आणि पुढचा टप्पा त्या दिवशी हिरा व पॉमेरेनियन यांच्याकडे पाहून ठरेल. दोघांपैकी एकाचीही तब्येत बिघडलेली दिसली तर सगळेच गाडीने परतणार, असे सर्वांनी मान्य केले. पडल्यास लक्ष ठेवणे माझ्याकडे, उचलणे दोघा मित्रांकडे, बाकीचे तिघे जागेवर बसून राहणार. होडीवाल्यांना फोन करून परवान्याचा फोटो मागवला. दोघांनी टाळाटाळ केली, तिसऱ्याने लगेच पाठवला, आणि त्यात विजयदुर्ग ते देवगड हे क्षेत्र नमूद आहे. त्यालाच ठरवले.

डॉक्टर, आपण म्हणालात तसेच निघाले. हिराच्या छातीचे माप ७२ सेंटीमीटर आणि कमरेचे ५० भरले. आणलेले जॅकेट मागून सहज वर सरकत होते. महाद्वार रोडवरील एका शिंप्याने त्याला कमरेशी जादा पट्टा आणि पोटाखालून दुसरी पट्टी शिवून दिली. काल संध्याकाळी पाठीच्या पट्टीला धरून तिला जमिनीपासून वीतभर उचलून पाहिले. जॅकेट जागचे हलले नाही. काथ्याचे पायपुसणे आज सकाळी अंगणात तिच्या कोपऱ्यात टाकले आहे. तिने ते दोनदा हुंगले आणि शेजारच्या मातीवर गेली.